घरातली वाक्यं

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार लिहायचा माझा विचार नव्हता. पण आई मागे उभी आहे आणि नमस्काराशिवाय पाकीट चिकटवू देणार नाही म्हणते, म्हणून नमस्कार. फोन तू उचलत नाहीस. तू भांडून निघून जिथे नोकरी धरलीस त्या निवासी शाळेच्या ऑफिसात केला, तर कारकून म्हणाला, "बाई वर्गावर आहेत." जेव्हा करावा तेव्हा तू वर्गावर. म्हणून पत्र.

हे पत्र समेटाचं नाही, हे आधीच सांगते. मला फक्त कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस ते हवंय. सरावाचे सगळे कागद आत आहेत आणि तू किल्ली घेऊन गेलीस की कुठे कोंबून गेलीस, कळायला मार्ग नाही.

संध्याकाळची बॅच काल आली. सगळे बाहेरच्या खोलीत आपापल्या बाकांवर बसले. मी नेहमीसारखी हजेरी घेऊन मागच्या बाकावर. पुढे फळ्यापाशी कुणीच नाही. मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. नर्सबाई म्हणाल्या, "मॅडम कुठायत?" मी म्हटलं, "बाहेरगावी." "कधी येणार?" "येतील." बाहेरगावी गेलेल्या माणसांबद्दल काय उत्तर द्यायचं, हे मला आता पाठ झालंय.

एप्रिलमध्ये त्यांची परीक्षा आहे, हे तुला मी सांगायला नको. नर्सबाईंना वॉर्डची प्रमुख व्हायचंय, ड्रायव्हरकाकांना बस सोडून डेपोच्या ऑफिसात बसायचंय, औषधवाल्याला परदेशी जायचंय आणि सगळ्यांचं घोडं अडलंय ते इंग्रजीच्या लेखी पेपरात. त्या पेपरात हमखास काय येतं? अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. विशेषण उपवाक्य. आणि तू नेमकं तेच अर्ध्यावर टाकून गेलीस. ही बॅच फुटली तर क्लास बंद. क्लास बंद झाला तर मी काय करायचं, हे काही तू जाताना सांगितलं नाहीस.

शुक्रवारचं मी विसरलेले नाही. अप्पा क्लास घ्यायचे तेव्हाची पद्धत म्हणून तू मिरवतेस ना? पुस्तकातली परकी माणसं मुलांना कळत नाहीत, वाक्यं आपल्या घरातली घ्यावीत, असं अप्पा म्हणायचे. ठीक आहे. "जिने कप फोडला ती मुलगी माझी धाकटी आहे" हे वाक्य अख्ख्या गावाने पाठ केलंय. अजून बाजारात कुणीतरी पोक्त माणूस भेटतो आणि विचारतो, "काय, अजून कप फोडता का?" ते मी हसत सोसलं. पण शुक्रवारी तू फळ्यावर काय लिहिलंस? इंग्रजीत परत लिहायला माझा हात होत नाही, म्हणून मराठीत लिहिते. "माझी बहीण, जिचा नवरा घर सोडून गेला आहे, सगळ्यांना तो कामावर गेल्याचं सांगते."

मी मागच्या बाकावर होते, ताई. तेरा माणसं ते वाक्य खाली मान घालून उतरवून घेत होती. मी म्हटलं, "फळा पूस." तू काय म्हणालीस आठवतंय? "वाक्यात चूक काय ते दाखव, मग पुसते."

मला चूक दाखवता आली नाही. मग मी जे बोलले ते बोलले. ते मी परत घेणार नाही.

आणि तुझ्या माहितीसाठी, त्याचा फोन आला होता. मार्चअखेर काम संपतंय, मग तो येतोय.

किल्लीचं तेवढं कळव.

धाकटी

१० फेब्रुवारी

ताई,

किल्ली सापडली. साखरेच्या डब्यामागे होती. कुणाला सुचेल तिथे ठेवायला? तुझं उत्तर येईल म्हणून मी उगीच टपालवाल्याच्या वाटेवर डोळे लावून बसले होते.

तू म्हणशील, किल्ली मिळाली तर आता पत्र कशाला? सांगते. मी शिकवायला सुरुवात केली आहे.

हसू नकोस. किंवा हस. इथे आई हसलीच. "तू? तू तर इंग्रजीत काठावर पास," म्हणाली. म्हटलं, आई, काठावरची का होईना, पास आहे. मग ती म्हणाली की ताईला बोलाव, माफी माग, मोठी आहे ती. मी म्हटलं, मोठी आहे म्हणून कुणाच्याही संसाराचा फळा करायचा? तर तिने कानाला हात लावून "काय?" विचारलं. तिला हवं तेव्हा ऐकू येतं आणि नको तेव्हा येत नाही. हे तुझ्यासारखंच.

पहिल्या दिवशीच मी जाहीर केलं, आजपासून घरातली वाक्यं बंद. छापील पुस्तक काढलं. त्यात एक माणूस आहे, त्याच्याकडे छत्री आहे. मी फळ्यावर छत्रीवाल्याची दोन वाक्यं लिहिली आणि म्हटलं, जोडा. ड्रायव्हरकाकांनी जोडलं, "द मॅन हू हॅज ॲन अंब्रेला ही इज माय फ्रेंड."

मी म्हटलं, "चूक."

"कुठे?"

"ते... कानाला बरं लागत नाही."

"मॅडम, कानाचं काय घेऊन बसलात? आपण म्हणतो ना, ज्या माणसाकडे छत्री आहे तो माझा मित्र. मग तो 'तो' मी कुठे टाकू?"

ताई, मला उत्तर आलं नाही. चुकलंय हे कळतं, का चुकलंय ते सांगता येत नाही. इतकी वर्षं मी मागच्या बाकावर बसून तुझं सगळं ऐकलं, पण हजेरीवर खुणा करताना ऐकलं. माझ्या कानाला ते वळण लागलं, डोक्यात काही उतरलं नाही. मी म्हटलं, "उद्या सांगते." उद्या म्हणजे आज. आजही मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना छत्रीवाल्याची आणखी वाक्यं दिली. पालथ्या घड्यावर पाणी. ड्रायव्हरकाकांना चक्क डुलकी लागली. दिवसभर बस चालवून आलेला माणूस त्या छत्रीवाल्यासाठी कशाला जागा राहील?

मी घरभर येरझाऱ्या घालतेय. फळा पुसते, परत पुसते. आई म्हणते, "अगं, रंग निघेल त्याचा."

तू मला हे शिकव असं मी म्हणत नाहीये. फक्त कळवतेय.

धाकटी

१८ फेब्रुवारी

ताई,

तुझा कागद मिळाला. पत्र म्हणवत नाही त्याला. आईचा गुडघा कसा आहे, नाही. तू कशी आहेस, नाही. तुझी खोली कशी आहे, जेवण बरं मिळतं का, काही नाही. वर लिहिलंयस, "अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज : नेहमीच्या चुका," आणि खाली नियम. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

पण खोटं बोलणार नाही, कागद उपयोगी पडला. "माणूस वाक्यात एकदा बसला की त्याला दुसरी खुर्ची द्यायची नाही." एवढं एकच वाक्य मी ड्रायव्हरकाकांना सांगितलं आणि त्यांनी स्वतःच उठून फळ्यावरचा 'ही' पुसला. "द मॅन बसलाय ना आधीच, मग ही कशाला उभा?" म्हणाले. असं तुला सुचतं आणि मला का सुचत नाही, याचा मला राग आला. मग 'हू' माणसांना आणि 'व्हिच' वस्तूंना, हे झालं. मराठीत 'जो' माणसालाही चालतो आणि 'जो' दगडालाही चालतो, म्हणून आपली माणसं सासऱ्यांना 'व्हिच' लावतात, हे मी माझ्या मनाने सांगितलं. थोडं हसले.

पण ते तेवढंच. छत्रीवाला काही कुणाच्या मनात भरत नाही. नियम पाठ होतात, आणि स्वतःचं वाक्य कर म्हटलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय एक नवीन आजार निघालाय. "द नर्स हू वर्क्स इन अवर वॉर्ड," असं लिहितात आणि टिंब देऊन मोकळे होतात. अरे, वॉर्डमध्ये काम करणाऱ्या नर्सचं पुढे काय झालं? ती आली, गेली, पडली? काहीच नाही. वाक्य दारात उभं ठेवून माणूस घरी निघून गेला. तू हे कागदावर लिहिलंयस, "क्लॉज म्हणजे वाक्य नव्हे," पण ते त्यांच्या गळी कसं उतरवायचं ते लिहिलं नाहीस.

आज बॅचला पाचच जण होते. औषधवाला पुढच्या चौकातल्या क्लासला जायला लागलाय, असं कळलं. मला तोंडावर सांगायला त्याला लाज वाटली असणार, कारण परवा दुकानात गेले तर तो आईच्या गोळ्या देताना माझ्याकडे बघेना. अजून दोघं गेले तर मी बाकं विकून टाकेन. खरंच विकेन. नाहीतरी ती बाकं अप्पांची आणि क्लास तुझा, माझं काय आहे त्यात?

जाताना नर्सबाई दारात थांबल्या. "मॅडम, घरातली वाक्यं का बंद केलीत?"

मी म्हटलं, "तुम्ही होतात ना त्या दिवशी?"

"होते की. वाईटच झालं ते," त्या म्हणाल्या. "पण त्या पद्धतीत मजा होती हो. पहिल्यांदा इंग्रजीत कुणाबद्दल काही सांगावंसं वाटलं मला."

मी त्यांना उद्या वेळेवर या म्हटलं आणि दार लावलं. पण रात्रीच्या स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं.

तू कागदाच्या खाली एक ओळ लिहिली आहेस, ती मी मुद्दाम शेवटी घेते आहे. "कुणीतरी खरं बोलायला हवं होतं." ताई, खरं होतं, मान्य. पण ते माझं होतं.

धाकटी

२७ फेब्रुवारी

ताई,

आज लिहायला हात शिवशिवतोय. आधी चांगलं सांगते.

परवा मी छत्रीवाल्याला रजा दिली. वर्गात म्हटलं, घरातली वाक्यं परत सुरू. पण एक अट. प्रत्येकाने स्वतःच्या घरातलं वाक्य करायचं, आणि स्वतःच म्हणायचं. दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही. माझ्याही नाही.

आधी सगळ्यांनी वह्या चाळल्या. मग नर्सबाई उठल्या. त्यांच्या सासूबाईंनी घरात रेडिओ आणलाय, त्याचं वाक्य. "माय मदर-इन-लॉ बॉट अ रेडिओ फॉर माय हजबंड व्हिच इज ऑलवेज शाउटिंग."

मी विचारलं, "कोण ओरडतं? रेडिओ की नवरा?"

"दोघंही," त्या म्हणाल्या. "पण मला रेडिओ म्हणायचं होतं."

अख्खा वर्ग हसला. आई आतून विचारायला आली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या शेजारी उपवाक्य बसवायचं, लांब बसवलं तर ते शेजारच्याच्या गळ्यात पडतं. नर्सबाईंनी स्वतः येऊन खडू घेतला आणि ओरडणं उचलून रेडिओच्या शेजारी ठेवलं. मग म्हणाल्या, "आता आमचे हे गप्प बसले बघा." ताई, त्या पुन्हा ही चूक करणार नाहीत. पैजेवर सांगते.

मग प्रत्येकाला बोलायचं होतं. कुणाची वहिनी जी उधार नेलेली भांडी परत देत नाही, कुणाचा भाचा ज्याचं डोकं फक्त क्रिकेटमध्ये. कुणाचंही वाक्य दारात उभं राहिलं नाही. स्वतःच्या वहिनीबद्दल बोलायला लागल्यावर कोण अर्ध्यावर टिंब देईल? मला इतके दिवस जे सांगता येत नव्हतं ते वहिनीने एका फटक्यात शिकवलं.

शेवटी ड्रायव्हरकाका. ते उभेच राहिले, खिशात हात घालून. "माय सन, हू ड्राइव्ज माय ओल्ड बस, डज नॉट टॉक टु मी." माझा मुलगा, जो माझीच जुनी बस चालवतो, माझ्याशी बोलत नाही.

हे माहीत होतं का तुला? मला नव्हतं. दोन वर्षं तो माणूस आपल्याकडे येतोय. मला काहीतरी बोलायला हवं होतं आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी मॅडमसारखं विचारलं, "मुलगा एकच का, काका?"

"एकच."

"मग ओळख पटवायला उपवाक्याची गरज नाही. तो कोण ते आधीच कळतं. ही जास्तीची माहिती झाली. अशी माहिती दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम घालून ठेवायची. दोन मुलं असती आणि बस चालवणारा कोणता ते सांगायचं असतं, तर स्वल्पविराम नको होते."

त्यांनी फळ्यावर दोन्ही स्वल्पविराम दिले. हळूहळू दिले. मग जागेवर बसले आणि रुमालाने चेहरा पुसला. त्यांना बरं वाटलं की वाईट वाटलं, मला कळलं नाही. पण घरी जाताना ते म्हणाले, "आजचा वर्ग छान झाला, मॅडम." मॅडम! मला इकडे तिकडे बघावंसं वाटलं, तू आलीस की काय म्हणून.

आता दुसरं. नर्सबाई जायला निघाल्या आणि सहज म्हणाल्या, "मॅडम, सगळ्यांची झाली. तुमचं राहिलं." मी म्हटलं, "वेळ संपली." वेळ संपली नव्हती, ताई. भिंतीवर घड्याळ आहे, सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हापासून मी कुठे बसू शकत नाहीये. बसते, उठते. बाहेरच्या खोलीत जाते, बाकं सरळ करते, परत येते. आई म्हणते, "पायाला चाकं लागलीत का तुझ्या?"

मार्च उजाडतोय. तू विचारलं नाहीस, तरी सांगते, फोन आलेला नाही. आधीही आला नव्हता.

धाकटी

६ मार्च

ताई,

मी त्याला फोन केला. सोमवारी दुपारी, आई झोपली असताना. त्याने लगेच उचलला. मला वाटलं होतं की उचलणारच नाही, मग मला आणखी थोडे दिवस मिळतील. मी म्हटलं, "मार्चअखेर येताय ना?" तो म्हणाला, "तुला माहीत आहे." रागावून नाही, समजूत घातल्यासारखं म्हणाला. त्याचाच मला जास्त राग आला. रागावला असता तर भांडता आलं असतं.

मला माहीत होतं. तो गेला त्याच आठवड्यात माहीत होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ झाकून बसले. आता आत काही नाही हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, असं दिसतंय. आईला सांगायला गेले. म्हटलं, आई, तो येणार नाहीये. मोठ्याने सांगितलं, तिला ऐकू यावं म्हणून. ती म्हणाली, "ओरडू नकोस. मला ऐकू कमी येतं, दिसतं व्यवस्थित." आणि भाजी निवडायला बसली. मग तिने माझ्या मांडीवर अर्धी भाजी टाकली. आम्ही दोघींनी निवडली. मी खूप रडले आणि तिने मला रडू दिलं.

काल संध्याकाळी वर्गात मी म्हटलं, माझं वाक्य राहिलंय.

पहिला खडू मोडला, दुसरा घेतला. लिहिलं. "माझा नवरा, जो घर सोडून गेला, परत येणार नाही." इंग्रजीत लिहिलं, तुझ्या सुवाच्य अक्षरात नाही, माझ्या कोंबड्याच्या पायांत. कुणीही हळहळलं नाही. कुणी "अरेरे" म्हटलं असतं तर मी बहुतेक खोलीतून निघून गेले असते. ड्रायव्हरकाका मात्र जागेवर चुळबुळत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. दुसरा स्वल्पविराम राहिला."

राहिला होता. मी दिला. मग म्हटलं, "पुढचं कोण?" आणि वहिनीवाली उठली.

तुझं वाक्य आणि माझं वाक्य, दोन्हींत सांगितलेली गोष्ट एकच. तुझं ऐकून मला जमिनीने गिळावं असं वाटलं होतं. काल मात्र मी भरपेट जेवले आणि झोपले. याचा अर्थ तुला लावायचा तर लाव. आज मला तुझ्यावर रागवायला वेळ नाही, कारण औषधवाला परत आलाय. म्हणतो, त्या क्लासात एसी आहे पण तिथे कुणाची वहिनी नाही. सोबत दुकानातल्या दोघांना घेऊन आलाय. नवी बाकं लागतील बहुतेक.

धाकटी

२४ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. या वेळी खरंच पत्र आहे. आईचा गुडघा विचारलास, म्हणून सांगते, गुडघा बरा आहे. तुझ्या खोलीला खिडकी नाही हे वाचून ती दिवसभर अस्वस्थ होती. "तिला लहानपणापासून खिडकीशिवाय झोप येत नाही," असं मला किमान दहा वेळा सांगून झालंय, जसं काही मीच ती खिडकी विटांनी बुजवली.

तू लिहिलंस, "वाक्य बरोबर होतं, पण तू म्हणालीस तेव्हा मी फळा पुसायला हवा होता." मी हे परत परत वाचलं. तुझ्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ झालं, हे मला ठाऊक आहे. मला ते पोचलं.

पण पुढे तू लिहिलंस की शाळेला राजीनामा दिलाय, शनिवारी संध्याकाळी सहाच्या गाडीने येतेस, परीक्षेला दिवस थोडे आहेत तेव्हा बॅच लगेच हातात घेतेस, आणि मी "आपली हजेरी बघावी." ताई, फेब्रुवारीत हे पत्र आलं असतं तर मी स्टेशनवर धावत आले असते. तुझी बॅग डोक्यावर घेऊन आले असते. तेव्हा मला एवढंच हवं होतं.

आता ऐक. ये. नक्की ये. तुझी खोली मी झाडली आहे, आईने चादर घातली आहे. मला तुझी फार आठवण येते, घरात कुणी माझ्या चुका काढणारं उरलेलं नाही. मला ताई हवी आहे. मॅडम आता मी आहे. बॅच मी देणार नाही, आणि हजेरीसुद्धा मीच घेते, शिकवता शिकवता. परीक्षेपर्यंत मीच शिकवणार आणि परीक्षेनंतरही. तुला सकाळची नवी बॅच काढायची असेल तर खोली सकाळी रिकामी असते. तुझ्याइतकं व्याकरण मला या जन्मात येणार नाही, पण ड्रायव्हरकाकांना 'ही' पुसायला मी लावलं आणि नर्सबाईंचा रेडिओ जागेवर मी बसवला. काका पास होतील, ताई. त्यांनी मुलाला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलंय. मराठीत लिहवत नाही म्हणाले.

काल तुझं पत्र हातात घेऊन मी बाहेरच्या खोलीत बसले होते. आपल्या क्लासची सगळी वाक्यं आठवत होते. अप्पांनी केलेली, तू केलेली. कप फोडणारी मी. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी आई. कुणाशी न बोलणारे आपले काका, पळून गेलेलं मांजर, शेजारच्या आजी. घरातलं एकही माणूस, एकही भांडं सुटलं नाही. सगळी वाक्यं आठवली आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. अप्पांनी तुझ्यावर एकही केलं नाही. तू तर नाहीच केलंस. तुझं लग्न ठरत आलं होतं ते का थांबलं, अप्पा गेले त्या वर्षी तू बाहेरची नोकरी का सोडलीस, त्या खोलीत खडू घेऊन एकटी उभी असायचीस तेव्हा तुला काय वाटायचं, मला काहीही माहीत नाही. मीही कधी विचारलं नाही. माझा संसार तुला तोंडपाठ होता आणि तुझ्याबद्दल मला एक ओळ सांगता येणार नाही. हे माझ्या मनातून जात नाहीये.

शनिवारी सहाला तुझी गाडी येते आणि सहाला माझी बॅच बसते, म्हणून मी घ्यायला येणार नाही. रिक्षा करून ये, सामान आईपाशी टाक आणि सरळ बाहेरच्या खोलीत ये. ड्रायव्हरकाकांच्या शेजारी जागा आहे. आपल्याकडे आता पहिल्या दिवशी प्रत्येकाला स्वतःबद्दलचं एक वाक्य म्हणावं लागतं, आणि त्यात कुणाला सूट नाही. तुलाही नाही. घाई करू नकोस, आम्ही थांबू. चुकलीस तर मी आहे.

तुझी
धाकटी